गाडीचे परफॉर्मन्स पार्ट विकायचेत? नागपूरकरांसाठी पहिल्यापासून

मागच्या एप्रिलमध्ये डिकीत चार अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं, घेऊन मी एका भंगारवाल्याकडे थांबलो होतो. अलॉय विकायला नाही, जुन्या कूलरची गंजलेली टाकी द्यायला. पण त्याची नजर डिकीत गेली. एक चाक उचलून त्याने काट्यावर ठेवलं, साडेआठ किलो भरलं. "चारों का साढ़े चार हजार, भाऊ. अभी नगद."

नऊ दिवसांनी तेच अलॉय हैदराबादला २२ हजारांना गेले.

मधल्या दिवसांत मी त्यांना पॉलिशसुद्धा केलं नव्हतं. चाकाच्या पाठीमागे काय कोरलंय ते वाचून लिहून काढलं, मापं घेतली, फोटो काढले. बस. भंगारवाला ॲल्युमिनियम घेत होता, हैदराबादचा पोरगा सोळा इंची, पाच बाय शंभर, ईटी ४० घेत होता (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो). असल्या मालाची गिऱ्हाइकं नागपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खरी मागणी पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरला. म्हणजे तुमचा पार्ट घेणारा माणूस त्याला हात न लावता पैसे टाकणार आहे. त्याच्या हाताने जे तपासलं असतं, ते तुम्ही इथे बसून तपासून द्यायचं. पहिल्यांदाच विकणाऱ्याने एवढं धरून ठेवलं तरी निम्मं काम होतं.

माझी गाडी २०१४ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. घरात माणसं वाढली, मोठी गाडी घ्यायची ठरली, म्हणून तिला परत कंपनीच्या रूपात आणली आणि सात वर्षांत चढवलेलं सगळं उतरवून विकलं. पोलो २०२२मध्ये भारतात बंद झाली. जुन्या पार्टना मागणी टिकून आहे ती त्यामुळेच. तुमची गाडी ऑक्टेव्हिया असो, जुनी व्हीटेक सिटी असो की स्विफ्ट, रीत हीच.

आधी कागद

पाना हातात घ्यायच्या आधी गाडी कोणाची आहे ते बघा. हसू नका. कर्ज चालू असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो, आणि तारण गाडीचे मूळ पार्ट काढून विकणं म्हणजे बँकेशी भांडण ओढवून घेणं. अपघाती गाडी असेल आणि विम्याचा क्लेम टाकला असेल, तर सर्व्हेअर येऊन निकाल लागेपर्यंत एक दिवाही हलवू नका. टोटल लॉसचे पैसे घेतले की उरलेला सांगाडा कोणाचा हे विमा कंपनीशी जे ठरलं त्यावर अवलंबून असतं, तुमच्या मनावर नाही.

गाडी कायमची मोडीत काढणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ज्या आरटीओच्या हद्दीत गाडी राहते तिथे कळवून आरसी जमा करावी लागते. नागपुरात एमएच-३१, ४९ आणि ग्रामीणचं ४० अशी वेगवेगळी कार्यालयं आहेत, तेव्हा आपलं कोणतं ते आधी पाहा. चेसिस नंबर कोरलेला पत्रा, नंबरप्लेट आणि व्हीआयएनची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पट्टी कोणालाही, कितीही गोड बोलला तरी, विकायची नाही. चोरीच्या गाड्यांना नवं नाव याच तुकड्यांवर मिळतं. इंजिनाचा नंबरही आरसीवर असतो, त्यामुळे आख्खं इंजिन विकणं हे अलॉय विकण्यासारखं सुटसुटीत काम नाही. नवखे असाल तर त्या वाटेला जाऊच नका.

आता थोडं कडू. कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ बनावटीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणजे आपण जे विकतोय त्यातलं बरंचसं घेणाऱ्याला रस्त्यावर अडचणीत आणू शकतं. हे मी जाहिरातीतच लिहितो. कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढलेला डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा धुराचा पाइप, असेल तर "रस्त्यावर चालणार नाही, पीयूसी निघणार नाही" असं स्वच्छ. गिऱ्हाईक कमी होतं, पण जे येतं ते जाणून येतं.

काय विकायचं, काय नाही

एअरबॅग विकू नका. त्यात स्फोटक भरलेलं असतं, सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरमध्येही असतं. ते कुरियरने जात नाही, आणि गेलं तरी दुसऱ्याच्या छातीसमोर तुमच्या भरवशाची वस्तू बसणार आहे. वापरलेले ब्रेकपॅडही नाही, ते त्या त्या डिस्कशी घासून जुळलेले असतात. आपटून वाकलेला आणि पुन्हा सरळ केलेला कंट्रोल आर्म, वेल्डिंग केलेला अलॉय: हे भंगारात. इथे भंगारवाल्याचा भाव योग्य आहे.

कंपनीचा मूळ सायलेन्सर, कॅट, स्प्रिंगा, एअरफिल्टरचा डबा या गोष्टी गाडीसोबतच द्या. मी आधी मूळ स्प्रिंगा कुणाला तरी फुकट देऊन टाकल्या होत्या. गाडी विकायच्या वेळी दुसऱ्या शोधताना मिस्त्रीसमोर जे तोंड करावं लागलं ते सांगत नाही.

कंपनीचे दिवे, आरसे, सीट, स्टिअरिंग, स्क्रीन, अलॉय, सस्पेन्शन, इंटेक, इंटरकूलर, टर्बो, डिस्क, कॅलिपर हे सगळं विकलं जातं. स्क्रीन विकताना तिच्यातली फोनबुकं आणि घराचा पत्ता पुसा. फॅक्टरी रीसेट दोन मिनिटांचं काम आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

उतरवताना

इथे घाई केली की पार्ट हातात येतो पण बोल्ट अर्धा आतच राहतो. आदल्या रात्री प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. कॉइलओव्हरची (उंची कमी-जास्त करता येणारा शॉक-ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा जोड) स्प्रिंग दाबलेली असते; स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडला तर ती गोळीसारखी सुटते. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या, पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील.

प्रत्येक पार्ट निघायच्या आधी, गाडीवर बसलेला असतानाच, त्याचा फोटो काढा, शक्य असेल तर इंजिन चालू ठेवून व्हिडिओ. नंतर "चालू होता का?" या प्रश्नाला याशिवाय दुसरं उत्तर नाही. निघालेले नट, बोल्ट, वॉशर, क्लिपा त्याच क्षणी झिपच्या पिशवीत आणि पिशवीवर मार्करने नाव. मी अलॉयचे बोल्ट पिशवीऐवजी तसेच गच्चीवर ठेवले होते. त्याचं काय झालं ते शेवटी.

धुताना घासलेट किंवा डिझेल फक्त धातूला. रबरी बुश, सेन्सर, वायरच्या टोकांना लावू नका. आणि रंग मारू नका! कॉइलओव्हरवर ताजा काळा स्प्रे दिसला की जाणकार माणूस पहिला विचार हाच करतो की खाली गळती झाकली आहे. धुळीचा, थोडा खरचटलेला पण प्रामाणिक पार्ट जास्त लवकर जातो.

पार्टची ओळख काढा

अख्ख्या उद्योगातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम, म्हणून इथे जरा बसून बोलू.

अलॉय घ्या. तो पालथा घातला की आऱ्यांच्या मागे किंवा मधल्या भोकाजवळ काही अक्षरं-आकडे उठावदार दिसतील. समजा ७जे x १६ ईटी ४० असं लिहिलंय. १६ म्हणजे व्यास, ७ म्हणजे रुंदी, दोन्ही इंचात. ईटी म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला (गाडीचा जो भाग चाक धरतो त्याला) टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेर आहे ते. हा आकडा चुकला की चाक एक तर आत सस्पेन्शनला घासतं नाहीतर मडगार्डच्या बाहेर डोकावतं. नंतर पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती. पोलो, व्हेंटो, रॅपिडचा पाच बाय १००. नव्या व्हर्टस, स्लाव्हिया, टायगुन, कुशाकचाही तोच, त्यामुळे पाच बाय १००चं गिऱ्हाईक आता पूर्वीपेक्षा वाढलं आहे. लॉरा आणि नंतरच्या ऑक्टेव्हियाचा मात्र पाच बाय ११२. नुसतं "स्कोडाला बसतील" असं लिहिलंत तर लॉरावाला घेईल, माल परत येईल आणि दोन्ही वेळचं भाडं तुमच्या डोक्यावर. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, सिटीची चाकं चार बाय १००ची.

मग मधलं भोक. फोक्सवॅगनचा हब ५७.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक त्याहून मोठं असतं आणि मधली जागा भरायला प्लॅस्टिकची हब रिंग येते. ती सोबत देताय की नाही ते लिहा. आणखी एक बारकावा, जो माझ्या मिस्त्रीलाही सांगावा लागला होता: पोलोला नट नसतात, बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टचं डोकं खाली गोलाकार बसतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूसारखं लागतं. म्हणजे अलॉयसोबत त्याचे वीस बोल्ट गेले पाहिजेत. लॉकचे बोल्ट असतील तर त्यांची चावीही.

उरलं चाक सरळ आहे का ते. बॅलन्सिंगच्या दुकानात प्रत्येक चाक मशीनवर फिरवून व्हिडिओ घ्या. आतली कडा बघा, बाहेरची नाही. आपल्याकडचे खड्डे आतूनच मारतात. नकली डिझाइनचे अलॉय असतील तर "रेप्लिका" हा शब्द लिहा. मूळ जर्मन म्हणून विकायचा मोह होतो. पण पाठीमागचे शिक्के बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं.

टायर सोबत असतील तर बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कायद्याने किमान १.६ मिमी लागते, पण नागपूरच्या टायरचं मरण झिजून येत नाही, उन्हात उघड्यावर उभं राहून येतं. ४५ अंशांचे चार-पाच उन्हाळे काढलेल्या टायरला बाजूने बारीक भेगा पडतात. नक्षी सहा मिमी असली तरी ते टायर गेलेलं. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर आरटीओ गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला लागलं, तेव्हापासून लोक टायरचं साल विचारतात. विचारायलाच हवं.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून तीन जागी मोजा, आकडा दिसेल असा फोटो काढा. डिस्कला बाहेरच्या कडेला गंजाचं ओठ तयार झालेलं असतं, त्याच्या आत मोजा, नाहीतर खोटी जाडी येते.

कॉइलओव्हरचा चकचकीत दांडा कापडाने पुसून पूर्ण बाहेर ओढा. त्यावर टाचणीएवढेही गंजाचे ठिपके असतील तर सील लवकर फाटणार. उंची कमी-जास्त करायची रिंग हाताने फिरते का, की धुळीने जाम झाली आहे? ते व्हिडिओत फिरवून दाखवा. कंपनीचं नाव, किट नंबर आणि किती किलोमीटर चालले ते लिहा. टर्बो असेल तर बोटाने शाफ्ट हलवून पाहा. तेलाशिवाय आडवं किंचित हलणं चालतं, आत-बाहेर जाणवण्याइतकं हलता कामा नये. पाती टॉर्च मारून मोजा, एकही टोक उडालेलं असेल तर सांगा.

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याच्याबद्दल इतकंच की तो मीटर आणि चावीशी बांधलेला असतो. नुसता विकलात तर घेणारा गाडी चालू करू शकणार नाही आणि शिव्या तुम्हाला देईल. रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला बदललेलं सॉफ्टवेअर, ही वस्तू नाही, ती ईसीयूत राहते. बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्स असेल तर तो मात्र वेगळा विकता येतो, कोणत्या इंजिनाच्या सेन्सरचं सॉकेट आहे ते लिहून. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची टॉर्क सोसायची ताकद २५० न्यूटन मीटरपर्यंतचीच आहे, हे विकत घेणाऱ्या पोट्ट्यांना मी न विचारता सांगतो. ऐकतात की नाही ते त्यांचं.

कंपनीच्या मूळ पार्टवर छापलेला पार्ट नंबर असतोच, स्टिकरवर नाहीतर प्लॅस्टिकमध्ये उठावात. तो जसाच्या तसा, शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते शेवटचं अक्षर बदललं की कधी कधी सॉकेटच बदलतं.

फोटो

आमच्या गच्चीवर सकाळी सातला उजेड छान येतो, आठनंतर सगळं पांढरं पडतं. एप्रिल असल्याने तिथे प्लॅस्टिकवर आईच्या कुरोड्या वाळत होत्या, बाजूच्या हातभर जागेत मी चाकं मांडली. खाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरा, तारीख दिसू द्या. फोटो जुना नाही याचा त्याहून स्वस्त पुरावा नाही. चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहून फोटोत ठेवा, म्हणजे तुमचे फोटो चोरून दुसरा कोणी जाहिरात करू शकत नाही.

आधी सगळ्या सेटचा एक, मग प्रत्येक पार्टचा पुढून-मागून, मग नंबरचा, मापाचा, आणि शेवटी प्रत्येक चऱ्याचा, पोच्याचा जवळून. चऱ्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. दोष तुम्हीच दाखवलात की भाव करणाऱ्याच्या हातातलं हत्यार गळून पडतं.

भाव

नवीन पार्ट आज केवढ्याला मिळतो इथून सुरुवात करा, तुम्ही केवढ्याला घेतला होता त्यापासून नाही. माझा स्वतःचा ठोकताळा असा: सरळ, न दुरुस्त केलेल्या अलॉयला निम्म्याच्या आसपास, सस्पेन्शनला तीस ते चाळीस टक्के, कारण ते आत किती थकलंय हे कोणीच शपथेवर सांगू शकत नाही, बंद झालेल्या मॉडेलच्या मूळ दिव्या-आरशांना कधी कधी साठसुद्धा. फिटिंगचे, रंगाचे, आयातीच्या ड्युटीचे पैसे विसरा, ते तुमची हौस होती. मला हे पचायला महिना लागला.

जाहिरातीत भाव लिहा. "इनबॉक्स करा" वाचून लोक पुढे जातात. वाहतूक धरून की सोडून तेही लिहा. भावात दहा टक्के घासाघीस धरून ठेवा, कारण आपल्याकडे ती होणारच. पुण्याचा माणूस तीन दिवस प्रश्न विचारतो आणि मग सांगितलेल्या भावात घेतो. नागपूरचा माणूस पहिल्या मेसेजलाच "लास्ट किती भाऊ?" विचारतो. मी उलट विचारतो, "गाडी कोणती आहे?" याचं उत्तर देणारा गिऱ्हाईक असतो, न देणारा वेळ घालवतो आहे.

घ्यायला कोणी घरी येणार असेल तर घराऐवजी ओळखीच्या टायरच्या दुकानात बोलवा. तिथे मशीन असतं, चार माणसं असतात, चाक लावूनही बघता येतं.

पैसे

मला एक फोन आला होता. कामठीला लष्करात पोस्टिंग असल्याचं सांगणारा, बोलणं अतिशय अदबीचं, एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. तिथेच शंका यायला हवी होती. "सर, मैं क्यूआर भेज रहा हूँ, आप स्कॅन कर लो, पैसा आ जाएगा." लक्षात ठेवा, पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. मी स्कॅन केला नाही, पण माझ्या एका मित्राने असाच केला होता. असं झालं तर लाज न बाळगता ताबडतोब १९३०ला फोन.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर मी पूर्ण पैसे आधी घेतो, पण त्याआधी व्हिडिओ कॉलवर माल दाखवतो, तो सांगेल ते माप त्याच्यासमोर घेतो. तो समाधानी नसेल तर सौदा नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. स्वतःच्या बँकेचं ॲप उघडा.

एका कागदावर पावती करा: काय विकलं, नंबर काय, कोणत्या गाडीतून काढलं, "वापरलेला, आहे त्या स्थितीत" हे शब्द, तारीख, दोघांची नावं, रक्कम. ओळखीसाठी आधार मागायचाच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा, आणि द्यायचंही तेच. पुढे कधी पोलिसांनी "हा पार्ट कुठून आला?" विचारलं तर हा कागद दोघांनाही वाचवतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं-ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे शहाणं गिऱ्हाईक पावती स्वतःहून मागतं.

बांधणं आणि पाठवणं

इथे नागपूरचा फायदा आहे. श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ नंबर आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ नंबर, दोन्ही महामार्ग आपल्या दारातून जातात आणि अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टची ऑफिसं ओळीने आहेत. देशात कुठेही माल जातो.

तोटा असा की माल उतरवणारा तुमचा पार्ट पोत्यासारखाच फेकतो. माझा पहिला अलॉय, त्या चारांच्या आधी विकलेला एक सुटा, मी नुसता प्लॅस्टिकच्या पट्टीत गुंडाळून पाठवला. पोचला तेव्हा कडेला पोचा. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) बारीक अक्षरांत "माल मालकाच्या जबाबदारीवर" छापलेलं होतं, भांडून काही उपयोग नव्हता. अर्धे पैसे परत केले.

आता असं करतो. अलॉयच्या तोंडावर जाड पुठ्ठ्याची गोल चकती, दोन चाकं तोंडाला तोंड लावून, कडेभोवती बागेला पाणी द्यायच्या जुन्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा, त्यावर फोम, वर खोका, आणि सगळ्यावर गोणपाट शिवून. गोणपाटावर नाव-फोन मार्करने, कारण स्टिकर पावसात जातं. टर्बोची सगळी तोंडं कापड कोंबून टेपने बंद; तेल, कूलंट पूर्ण निथळलेलं. पेट्रोलचा वास येणारी कोणतीही वस्तू कुरियरवाला घेत नाही आणि बरोबर करतो. जड पार्टला लाकडी पेटी सुताराकडून ठोकून घ्या. संत्र्याच्या पेट्या फुकट मिळतात म्हणून एकाने त्यात कॅलिपर भरले होते; त्या फळ्या संत्र्यासाठीच आहेत, तळ वाडीतच निसटला. आरसे-दिव्यांना मात्र त्या पेट्या, आत तणस भरून, झकास.

कुरियर की ट्रान्सपोर्ट? बहुतेक कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर त्याचे पैसे लावतात. बंपर १८० बाय ६० बाय ५०च्या खोक्यात बसला तर हिशेब १०८ किलोंचा, खरं वजन पाच-सहा किलो का असेना. म्हणून बंपर, सायलेन्सर, सीट ट्रान्सपोर्टने. छोटं, महागडं, नाजूक ते कुरियरने विमा काढून. ट्रान्सपोर्टला "टू-पे" करता येतं, म्हणजे भाडं घेणारा सोडवताना भरतो. गोदामातून उचलायचं की घरपोच, हे बिल्टी फाडतानाच ठरवा. माल वापरलेला, घरगुती आहे आणि किंमत अमुक, असं सही केलेलं पत्र मागतात, घरून लिहून न्या. ५० हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिलाचं (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं) आधीच विचारा.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवणं स्वस्त आणि झटपट, पण ड्रायव्हरचा फोन नंबर हीच तुमची बिल्टी. पाच हजारांच्या वरचं मी त्यात टाकत नाही.

खोका बंद करताना सलग, न कापता व्हिडिओ घ्या. प्रत्येक वस्तू मोठ्याने मोजत आत ठेवायची, टेप लावायचा, वजन दाखवायचं. घेणाऱ्यालाही सांगा की उघडतानाचा व्हिडिओ घे, त्याशिवाय तक्रार चालणार नाही. बिल्टीचा फोटो लगेच पाठवा. हे व्हिडिओ महिनाभर तरी फोनमधून उडवू नका.

हैदराबादच्या पोराचा फोन चौथ्या दिवशी आला. अलॉय उत्तम, हब रिंगा चार, लॉकची चावी आहे, पण बोल्ट १९. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो की मी मोजून टाकलेत, व्हिडिओ आहे. तो म्हणाला, "अण्णा, व्हिडिओ एक बार देखो ना." पाहिला. माझ्याच आवाजात, स्वच्छ, "सत्रा, अठरा, एकोणीस, झाले," आणि टेपचा चर्रर्र. विसावा संध्याकाळी गच्चीवर सापडला. कुरोड्यांचं प्लॅस्टिक वाऱ्याने उडू नये म्हणून आईने कोपऱ्यावर ठेवला होता. पाकिटात घालून दुसऱ्या दिवशी कुरियर केला, माझ्या खर्चाने.